पक्की तारीख

जबडा कापडावर ठेवून मेधाने हातमोजे काढले, वहीत पेन्सिलीने एक आकडा लिहिला आणि मगच हवालदार शेखरपुढे हात केला.

"आता द्या तुमचा कागद."

दातांवरून वय काढण्याचं काम ती चौदा वर्षं करत होती. आकडा लिहून होईपर्यंत नाव-गाव ऐकायचं नाही, हा तिचा नियम. ऐकलं की डोळे तेच बघायला लागतात.

नाव : वैष्णवी.
वडील : कैलास, राहणार भरे.
बेपत्ता झाली तेव्हाचं वय : वीस.

वहीत : सतरा.

चांद्यात एका प्लॉटवर पाया खोदताना हाडं निघाली होती. चार वर्षांपूर्वीपर्यंत ती जमीन वैष्णवीच्या सासरची होती. आठ वर्षांपूर्वी सासरच्यांनी सांगितलं होतं, पोरगी कुणाबरोबर तरी पळून गेली. भिंतीकडेच्या बाकावर तिचे आईवडील बसले होते. कैलास टोपी गुडघ्यावर ठेवून. जया मांडीवर रुमालात बांधलेला साधा मोबाइल घेऊन. त्यातलं कार्ड तिने आठ वर्षांत बदललेलं नव्हतं. पोरीला तोच एक नंबर पाठ होता.

मेधाने एक्स-रे उजेडासमोर धरला आणि बोटाने दाखवलं. ही अक्कलदाढ. हिरडीच्या आतच राहिलेली. मुळं अर्धीच वाढलेली, खाली टोकाशी तोंड उघडं. हाडं बाईचीच आहेत, पण वय सोळा ते अठरा. वीस बसत नाही.

"दाखलाच चुकला असेल तर?" तिने विचारलं.

शेखर हसला. तशी चूक त्याच्या अंगवळणी होती. त्यांच्या अख्ख्या वर्गाचा वाढदिवस एक जून होता, गुरुजींनी बसल्या बैठकीला घातलेला. बायको अजून म्हणते, तुम्हाला आईने नाही, गुरुजींनी जन्माला घातलं.

"पण हिचं तसं न्हाई, मॅडम. ग्रामपंचायतीचा जन्मदाखला हाय. चौदा ऑक्टोबर. पक्की तारीख."

कैलास त्या विनोदावर सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत मोठ्याने हसला.

मग आपली न्हाई ती, असं म्हणत तो उठलासुद्धा. शेखरने मान हलवली. वय जुळलं असतं तर आईवडील दोघांचं रक्त डीएनए तपासणीला पाठवायचं होतं. आता गरज नाही. हाडं बेवारस म्हणून नोंदवायची. वैष्णवीची फाइल होती तशी उघडी.

उघडी म्हणजे पोरगी कुठेतरी आहे. उघडी म्हणजे नंबर चालू ठेवायचा.

कैलासने टोपी घातली.

"चल. साडेतीनची गाडी घावंल."

जया उठली नाही.

*

कुणी न विचारलेला प्रश्न : चौदा ऑक्टोबरला तुमच्या घरी काय झालं होतं?

उत्तर, जयाच्या हाताचं : रुमालाची गाठ सोडली. बांधली. सोडली.

*

"बाई," ती मेधाला म्हणाली, "ती दाढ. तोंडात आली न्हवती म्हंता?"

"नव्हती. आतच होती."

"दुखली आसंल का?"

मेधाने या कामात पुष्कळ प्रश्न ऐकले होते. हा नव्हता ऐकला. येताना दुखते कधी कधी, ती म्हणाली, पण हिची यायला अजून वेळ होता.

"वेळ व्हता," जया म्हणाली.

कैलास दारातून परत आला. त्याने तिच्या दंडाला धरलं, जोरात नाही. त्याची बोटं तिथून निघेनात. जया त्या बोटांकडे बघत राहिली.

"तुमी व्हा म्होरं. मला बाईंशी बोलायचंय."

"जये, गुमान चल. पोरगी हाय कुटंतरी. राहू दे तिला आसंल तितं."

"तितं म्हंजी कुटं?"

त्याने हात सोडला. बाकावर बसला, टोपी काढून पुन्हा गुडघ्यावर ठेवली.

शेखर कागद आवरत होता. मेधाने त्याला थांबण्याची खूण केली आणि स्टूल ओढून जयासमोर बसली.

"मुली किती तुम्हाला, जयाबाई?"

जयाने दोन बोटं वर केली.

शेखरने फाइल उघडून पाहिली. तिथे एकच होती.

"मोठीचं नाव?"

"वैष्णवी."

"आणि धाकटीचं?"

"वैष्णवी."

मग ती सांगू लागली. कुणाकडे न बघता, जमिनीवरच्या एका फरशीला सांगितल्यासारखी. चौदा ऑक्टोबर मोठीची. ती दोन वर्षांची होऊन तापाने गेली. गेल्याची नोंद करायला कुणी गेलंच नाही. दाखला पत्र्याच्या पेटीत राहिला. वर्षभराने धाकटी झाली, घरीच. सासूबाईंनी तिचा कान बघितला. मोठीसारखाच तीळ. तीच परत आली म्हणाल्या, आणि तेच नाव ठेवलं. शाळेत घालायची वेळ आली तेव्हा पेटीत दाखला होताच. वेगळा कशाला काढायचा?

"लग्नाच्या येळंला दाखल्यावर अठरा भरली व्हती." ती थांबली. "तिला पंधरावं व्हतं."

बाकावरून कैलास हलक्या आवाजात म्हणाला, "पावणे घाई करत व्हते."



विसातून तीन. मेधाने वहीतल्या सतरावर पेन ठेवलं, पण गिरवलं नाही. शेखरने नवा फॉर्म काढला. रक्त घ्यायला पाठवायचं, तर आधी हा भरायला हवा. पहिल्याच रकान्यावर तो अडला आणि त्याने जयाकडे पाहिलं.

जयाने मोबाइल रुमालातून काढला आणि टेबलावर, कापडाशेजारी ठेवला.

"मोठी मेल्याचं कुटं लिवलं न्हाई. धाकटी जलमल्याचं कुटं लिवलं न्हाई," ती म्हणाली. "मग हिला काय म्हनून लिवताय, दादा?"

नाव :