साळूच्या तारखांचा बाक

मी पनवेलच्या कोर्टातला बाक बोलतोय. सुतारानं सागाच्या फळ्या जोडून मला केलं, तेव्हा मी चांगला तुकतुकीत होतो. आता पॉलिश उडालंय, एक पाय डुगडुगतो. आणि खरं सांगू, लोकांचं ऐकून ऐकून मी थकलोय.

तरी साळूचं सांगतो. साळू कातकरी, बळीरामशेठच्या वीटभट्टीवर कामाला. शेठच्या मुलानं, हरेशनं, तिला लग्नाचं वचन दिलं आणि तिला दिवस गेल्यावर हात झटकले. मुलगी झाली, दिपा. शाळेत घातली तेव्हा बापाच्या नावाची जागा कोरीच राहिली. पोरं तिला चिडवायची. शेवटी मनिषा वकीलबाईंनी दावा लावला, दिपाचा बाप कोण ते कोर्टानं ठरवावं म्हणून.

प्रत्येक तारखेला साळू दिवसाची मजुरी बुडवून डोंगरावरच्या वाडीतून यायची. हरेश मात्र कधी आजारी, कधी परगावी. कोर्टानं डीएनए चाचणीचा हुकूम दिला, तीही तो टाळत राहिला. साळू दिपाला मांडीवर घेऊन माझ्या टोकाला बसून राहायची.

एकदा हरेशबरोबर त्याची आई आली, सखूबाई. आपल्या मुलाला कुणीतरी खोट्यात अडकवलंय, एवढंच तिला घरी सांगितलं होतं. ती साळूकडे पाठ करून माझ्या दुसऱ्या टोकाला बसली. हरेश वकिलाला पुढची तारीख मागायला सांगत होता, ते तिच्या कानावर पडलं.

"हरेश, ती खोटी हाय ना? मंग रगत देऊन मोकला हो. भ्यातंस कशाला?"

हरेश चपलेकडे बघत राहिला. सखूबाईला काय कळायचं ते तिथंच कळलं. पदरानं तोंड पुसून ती हळूच म्हणाली, "तू नाय गेलास त मी जज्जासमोर उभी ऱ्हाऊन सांगेन, तू भ्यातंस म्हनून."

तो रक्त द्यायला गेला. अहवाल आला, बाप हरेशच होता. कोर्टानं तसा निकाल दिला. मनिषाबाईंनी माझ्यापाशी येऊन साळूला तो समजावून सांगितला. हरेश मान खाली घालून जिना उतरला. सखूबाई जरा रेंगाळली, तिनं दिपाच्या केसांवरून हात फिरवला. मग तीही गेली.

साळू हसली नाही, रडली नाही. इतक्या तारखांत पहिल्यांदाच तिनं माझ्या पाठीला पाठ टेकली.

"आये, तो आपल्याकडं कदी येनार?" दिपानं विचारलं.

"तो नाय येनार, बाय. त्याचं नाव आलं, तेवढंच."

हल्ली मला जिन्याखाली सरकवलंय. आज सकाळी तान्हं बाळ घेतलेली एक मुलगी येऊन बसली, कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून. तुमच्या नावासाठी कुणी असं खोळंबलं असेल, तर त्यांना इथवर आणू नका. मला आता ते वजन पेलवत नाही.