जिवंत माणसासाठी मजकूर

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्याला सगळे 'मजकूर' म्हणत. शोकसंदेशांच्या खिडकीमागे तो इतकी वर्षं बसला होता की गावातल्या बहुतेक घरांची त्याच्याशी एकदा तरी गाठ पडलेली होती, आणि पुन्हा पडावी असं कुणालाच वाटत नव्हतं. लोक रुमाल घेऊन येत, "आमचे दादा..." एवढं म्हणून अडत, आणि उरलेले दादा मजकूर पूर्ण करी. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. शेजाऱ्यांशी जन्मभर कोर्टात भांडलेला माणूसही त्याच्या हाताखालून गेला की हसतमुख होऊनच बाहेर पडे.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी सैन्यात भरती झाली आणि प्रशिक्षण केंद्रातून तिचं पहिलं पत्र आलं.

"बाबा, इथे फोन काढून घेतलेत. पत्रं चालतात. बाकी सगळं जमतंय, पण भिंत चढता येत नाही. फळ्यांची आहे, माझ्याहून उंच. पळत येऊन उडी मारायची, वरची कड पकडायची आणि पलीकडे जायचं. मी दरवेळी आपटते. महिनाअखेरीस परीक्षा आहे. नाही जमलं तर घरी पाठवतील. मला घरी यायचं नाहीये. धीर येईल असं काहीतरी लिहा ना. तुम्ही तर रोज लिहिता."

शेवटचं वाक्य वाचून मजकूर फुशारला. टेबलावरची भांडी बाजूला सारून त्याने एका बैठकीत पत्र हातावेगळं केलं. बायकोचं केस कापायचं दुकान खालच्या मजल्यावरच होतं. ती टॉवेल वाळत घालायला वर आली, तिने कागद उचलून मोठ्याने वाचला.

"'तुझ्या हसतमुख स्वभावाने तू सर्वांची मनं जिंकलीस. तुझी उणीव पदोपदी भासते. तुझ्या आठवणी आमच्या हृदयात कायम राहतील.'" तिने कागद खाली ठेवला. "अहो, पोरगी जिवंत आहे."

"मग? ती गेली असं यात कुठे लिहिलंय?"

"लिहिलं नाहीये. फक्त वर फोटो लावायचा राहिलाय."

केस कापणाऱ्यांनी केसच कापावेत, भाषेला कात्री लावू नये, असं काहीतरी मजकूर पुटपुटला आणि पत्र तसंच पेटीत टाकून आला.

उत्तर आलं. "बाबा, तुमचं पत्र शेजारच्या कॉटवालीने मोठ्याने वाचलं. बराकीतल्या सगळ्या मुली माना खाली घालून दोन मिनिटं स्तब्ध उभ्या राहिल्या. तेवढ्यात सार्जंटबाई आल्या. त्यांनी हळूच विचारलं, घरचं कोण गेलं, रजा हवी का? मी म्हटलं, बहुतेक मीच गेलेय. त्याबद्दल मैदानाला फेऱ्या मारल्या. भिंत आहे तिथेच आहे. आता तुम्ही नका लिहू, आईला लिहू दे."

आईने लिहिलं. गिऱ्हाइकाच्या डोक्यावर रंग चढेपर्यंतच्या वेळात, पावतीच्या पाठीवर. "जेवत जा. केस घट्ट बांध. आपटलीस की आधी गुडघे बघ, मग रड." मजकुराने ते वाचलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्यात खोडण्यासारखा एकही शब्द नव्हता.

"हे काय पत्र आहे?" तो म्हणाला.

"तुम्ही लिहा मग. पण या वेळी ती दचकणार नाही असं लिहा."

तेच तर जमेना. घरी जमेना म्हणून तो कचेरीत चोरून लिहू लागला. एक कागद मुलीचा, एक कागद गिऱ्हाइकाचा. एका दुपारी छापायच्या पानांची जुळणी करणारा गडी कागद हलवत आला.

"मजकूरसाहेब, हे आजोबा कुठे निघालेत?"

"का, काय झालं?"

"वर लिहिलंय, 'शांतपणे निधन झाले.' आणि खाली, 'घाबरू नकोस, जोर लाव, पलीकडे नक्की पोचशील.'"

मजकुराने कागद हिसकावून घेतला. गडी जाता जाता म्हणाला, "राहू द्यायला हरकत नव्हती. आजोबांना बरं वाटलं असतं."

आता मात्र त्याचं डोकं फिरलं. मेलेल्यांसाठी हवे तेवढे शब्द, आणि जित्या पोरीसाठी एक ओळ सुचू नये? तो तडक कचेरीच्या मागच्या अंगणात गेला. तिथे कागदाच्या गोदामाच्या आवाराची भिंत होती, त्याच्याहून हातभर उंच. ही एकदा चढून बघावी, म्हणजे नेमकं काय लिहायचं ते तरी कळेल, असा त्याचा हिशेब. तो पळत आला, उडी मारली आणि भिंतीला मिठी मारून खाली घसरला. दुसऱ्यांदा कोपर सोललं. तिसऱ्यांदा चष्मा पलीकडे गेला, तो मात्र इकडेच राहिला.

मग त्याने रागारागात लिहिलं. "भिंत हा अत्यंत नालायक प्रकार आहे. मी आज तीनदा प्रयत्न केला. पँट फाटली. चष्मा शिडी लावून आणला. तुला काय सांगू, मला स्वतःलाच धीर येत नाहीये. ज्या सार्जंटबाईने ही भिंत शोधून काढली तिला माझा नमस्कार सांगू नकोस." वाचून बघायच्या आत पाकीट चिकटवलं.

आठवड्याने उत्तर आलं. "बाबा, सगळ्या बराकीने पत्र ऐकलं. हसून हसून पोटं दुखली. मला अजून जमलेलं नाही, आता फक्त परीक्षाच राहिलीये. पण एक सांगा, तुम्ही नेमके कुठे चुकता? मला वाटतं आपली दोघांची खोड एकच आहे. इथे सार्जंटबाई नुसत्या ओरडतात, काय चुकतंय ते कुणी सांगत नाही. परीक्षेआधी कळवाल?"

परीक्षेआधी पत्र पोचायचं तर ते त्याच दुपारच्या टपालाने जायला हवं होतं. आणि आपण कुठे चुकतो हे मजकुराला मुळीच आठवेना. बायकोने दुकानाला कुलूप लावलं आणि ती त्याच्याबरोबर गोदामाच्या त्या भिंतीपाशी आली.

तो पळाला, उडी मारली, घसरला.

"थांबलात," ती म्हणाली.

"कुठे थांबलो? पळतच होतो."

"भिंतीपाशी येऊन पाय आपटलात, मग उडी. पोरगीही लहानपणी अशीच. तळ्यात उडी मारायला पळत जायची आणि काठावर उभी राहायची. परत करा."

त्याने परत केलं. परत थांबला.

"अहो, थांबता कशाला?"

"समोर भिंत आहे म्हणून!" मजकूर ओरडला.

"मग हेच लिहा."

"आणि पुढे काय लिहू? थांबू नकोस? तेवढं तिला ओरडून सांगतच असतील तिथे. कसं थांबायचं नाही, ते कोण सांगणार?"

बायकोने घड्याळ पाहिलं. मग भिंतीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि त्याचा चष्मा काढून स्वतःच्या केसांत खोचला.

"जा मागे," ती म्हणाली. "आता दिसणारच नाही तुम्हाला. टपाल जायला अजून वेळ आहे."

मजकूर शिव्या घालत मागे गेला, बाह्या वर सारल्या आणि समोरच्या धुरकट पट्ट्याच्या दिशेने धावत सुटला.