ओल्या चुन्याची भिंत

मी गवंडी आहे. बाई गवंडी म्हटलं की लोकांना वाटतं, पाट्या वाहत असेल. पाट्याही वाहिल्या, पण त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. आता थापी माझ्या हातात असते आणि पाट्या वाहणारे माझं ऐकतात. काम कुठं, तर शहराबाहेरच्या जुन्या राजधानीत. राजा गेला, दरबार गेला, उरल्या त्या पायऱ्या, चौथरे, दगडी गटारं आणि अर्ध्यामुर्ध्या भिंती. लोक तिकीट काढून येतात, ‘सगळं पडलंय की हो’ म्हणतात आणि फोटो काढून जातात. पडलेलं सगळ्यांना दिसतं. जे उभं आहे ते कुणामुळे उभं आहे, हे विचारायला कुणाला सवड नसते. दरबाराची उत्तरेकडची बाजू, न्हाणीघराची कमान आणि बाजारपेठेतली अकरा दुकानं माझ्यामुळे उभी आहेत. स्वतःचं कौतुक स्वतः करू नये म्हणतात, पण दुसरं कुणी करत नसेल तर माणसानं काय करावं?

आमच्या कामात एक नियम आहे. नवा चुना जुन्या चुन्यापेक्षा किंचित आत ठेवायचा. लांबून भिंत एकसंध दिसावी, पण जवळ येऊन बघणाऱ्याला जुनं कुठं संपलं आणि आम्ही कुठं सुरू झालो ते कळलं पाहिजे. नवं काम जुनं म्हणून खपवायचं नाही. या नियमानं माझी नजर बिघडली आहे. कुठंही गेले तरी मला आधी सांधे दिसतात.

माझी मुलगी चिमी नकला करते. लहानपणी माझ्याबरोबर कामावर यायची, ओल्या भिंतीवर गोणपाट टाकायची, पाणी मारायची आणि मधल्या वेळेत आमच्या साहेबांची चाल करून दाखवायची. साहेबसुद्धा हसायचे. मोठी झाल्यावर तिनं मोबाईलवर नकला टाकल्या आणि बघता बघता सगळ्या देशानं ओळखावं इतकी ती मोठी झाली. यंदा तिला टीव्हीवरच्या ‘त्या’ घरात बोलावलं. चौदा नावाजलेली माणसं एका घरात कोंडायची, त्यांना भांडायला लावायचं आणि आपण ते जेवताना बघायचं, असा तो कार्यक्रम. बाहेरच्या माणसाशी, त्यातही घरच्यांशी, एक शब्द बोलायचा नाही. बोललं की त्याच दिवशी बाहेर. शेवटपर्यंत टिकेल त्याला स्वतःच्या नावाचा कार्यक्रम मिळणार होता, आणि चिमीचा जीव त्यात अडकला होता.

तिचं वाजलं ते सासूबाईंशी. वय पस्तीस, पण मालिकेत सासू होते म्हणून ही नटी सगळ्यांची सासूबाई झाली. चिमीनं पहिल्याच आठवड्यात तिच्या रडण्याची नक्कल केली. बाई जी बिथरली ती बिथरलीच. मिठावरून भांडण, आरशावरून भांडण, पंख्याच्या वेगावरून दोन भाग. माझा नवरा, जो बातम्यांशिवाय काही बघत नसे, तो ताट घेऊन वेळेआधी टीव्हीसमोर बसू लागला.

आणि मग एका गुरुवारी चिमी स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, “मी गवंड्याच्या घरात वाढलेय. असल्या लोकांकडून मला काही शिकायचं नाही.”

नवऱ्यानं आवाज कमी केला. मी जेवण संपवलं आणि भांडी घासली. खरं सांगते, काळजाला घरं पडली. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. “मोठी झाली हो तुमची मुलगी,” म्हणाल्या. मोठी या शब्दावर त्यांनी जो जोर दिला तो मला तीन दिवस पुरला. कामावर पोरीबाळी माझ्याकडे बघून बोलायच्या थांबायच्या. मी थापी अशी चालवत होते की साहेब म्हणाले, “चुन्यावर कसला राग काढताय?”

रविवारी दुपारी तोच भाग पुन्हा लागला. मी कपड्यांच्या घड्या घालत होते, बघायचं नाही असं ठरवून बघत होते. आणि मला सांधा दिसला. ‘गवंड्याच्या घरात वाढलेय’ म्हणताना चिमीच्या हाताची नखं लाल होती. ‘असल्या लोकांकडून’ म्हणताना नखं कोरी. मागच्या खिडकीतलं ऊनही डावीकडचं उजवीकडे गेलं होतं. दोन वेगळ्या दिवसांची दोन वाक्यं कुणीतरी शेजारी शेजारी बसवली होती आणि वरून गुळगुळीत घोटून काढली होती.

मी नवऱ्याला हाक मारून दाखवलं. त्याला नखं दिसली, पण म्हणाला, “रंग उडाला असेल.” काकूंना दाखवायला गेले तर त्या म्हणाल्या, “आईचं मन आहे हो.” कुणाला पटलं नाही तरी मला चाललं असतं. माझं दुखणं वेगळं होतं. जी बाई दगडातला केसाएवढा सांधा हुडकते, तिनं पोटच्या पोरीबाबत तीन दिवस ते खरं मानलं. माझी मलाच लाज वाटली. आणि पोरीला हे सांगायची सोय नव्हती.

शेवटच्या आठवड्यात साहेबांनी बातमी आणली की कार्यक्रमाचं चित्रीकरण आमच्या राजधानीत होणार आहे. चौघं उरले होते, त्यांत चिमी आणि सासूबाई. बाजारपेठेपासून धावायचं, सिंहासनाच्या चौथऱ्यावर रोवलेला झेंडा आधी उपटायचा, जो उपटेल तो थेट अंतिम फेरीत. साहेब म्हणाले, “परवानगी वरून आली आहे. तुम्ही फक्त लांब उभ्या राहा आणि तोंड बंद ठेवा. मुलीचं नुकसान होईल.”

“माझ्या भिंतीचं काय?” मी विचारलं. चौथऱ्याच्या पुढ्यातली बुटकी भिंत मी चारच दिवसांपूर्वी बांधून पुरी केली होती. चुना आठवडे खातो घट्ट व्हायला. तोवर त्याच्यावर माणूस चढला तर महिन्याची मेहनत खाली येते.

“दोरी लावली आहे,” साहेब म्हणाले.

दोरी लावली होती खरी. सकाळी कॅमेऱ्यात दिसते म्हणून त्यांच्या माणसांनी ती काढून टाकली. मी बोलायला निघाले तर साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी झाडाखाली जाऊन उभी राहिले.

चिमी गाडीतून उतरली. चमकीचे कपडे, केस वर बांधलेले, अंगानं निम्मी झालेली. तिनं मला पाहिलं आणि लगेच नजर वळवली. नियमच तो. तरी माझ्या मनात आलं, नियम म्हणून वळवली की लाज वाटून? एकदा फसलेलं मन असं चटकन सरळ होत नाही.

शिट्टी झाली. दोघं पुरुष वळसा घेऊन पायऱ्यांकडे गेले. सासूबाईंनी हिशेब केला की भिंत ओलांडली तर वळसा वाचतो. चुकीचा नव्हता हिशेब. त्या गोणपाटावर एक पाय टाकून वर चढणार, तेवढ्यात मागून चिमी आली, दोन्ही हातांनी बाईंची कंबर धरली आणि मागे ओढलं. दोघी धुळीत पडल्या. कॅमेरेवाल्यांना आनंद झाला. तिघे तिकडे पळाले.

“वेड लागलंय का तुला?” सासूबाई ओरडल्या. “मारतेस मला?”

झेंडा अजून तिथंच होता, पुरुष अर्ध्या पायऱ्यांवर धापा टाकत होते. भिंत ओलांडली असती तर चिमीला सहज मिळाला असता. ती गुडघ्यांवर बसली, गोणपाटाची कड उचलली आणि नखानं चुना दाबून पाहिला. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघून म्हणाली, “आई, सकाळचं पाणी मारलं का?”

“दोनदा मारलं,” मी म्हणाले. तोंडातून निघून गेलं. निघून गेल्यावर कळलं मी काय केलं ते.

कार्यक्रमाच्या दिग्दर्शक बाई पुढे आल्या. आवाज अगदी मऊ. त्यांनी कॅमेरे थांबवायला सांगितले आणि चिमीला म्हणाल्या, “हे बघ, तू आत्ता नियम मोडलास. पण तुमच्या दोघींचं भांडण लोकांना हवंय, मला तू जायला नको आहेस. तू एका कामगार बाईला पाणी मारलं का विचारलंस, एवढंच झालं. आई शब्द आपण काढून टाकू. तू फक्त म्हण, मी या बाईंना ओळखत नाही.”

चिमीच्या कपाळावरचा घाम धुळीत मिसळला होता. पाच महिने घर सोडून ती ज्यासाठी राहिली ते दहा पावलांवर होतं. आणि मी तिची आई आहे, मला दुसरं काय सुचणार? मी पुढे झाले.

“बरोबर आहे बाई,” मी म्हणाले. “मी इथली गवंडी. या ताईंना मी टीव्हीवर पाहिलंय, बाकी ओळख नाही. त्यांनी आई म्हणून हाक मारली ती वयाकडे बघून.”

आयुष्यात इतकं सराईत खोटं मी कधी बोलले नव्हते. साहेबांनी खाली बघितलं.

“खोटं बोलतेय ती,” चिमी म्हणाली. ती उठली, गुडघे झटकले आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. “ही माझी आई आहे. ही भिंत तिनं बांधलीय, हा चौथराही तिनंच सावरलाय. मी जे काही शिकले ते हिच्याकडून, आणि त्या घरात स्वयंपाकघरातही मी हेच सांगत होते, ते तुम्ही दाखवलंत की नाही कुणास ठाऊक. आता कॅमेरा चालू करा, पुन्हा सांगते.”

कॅमेरा कुणी चालू केला नाही. चौथऱ्यावर एका पुरुषानं झेंडा उपटला होता आणि बघायला कुणीच नाही म्हणून तो तसाच हातात धरून उभा होता.

सासूबाई धूळ झटकत म्हणाल्या, “मला ही मुलगी अजिबात आवडत नाही. पण चढण्याआधी मला कुणीतरी सांगायला हवं होतं की भिंत ओली आहे.” आणि त्या लंगडत गाडीकडे गेल्या.

दिग्दर्शक बाई म्हणाल्या, “तू बाहेर आहेस, समजलं ना?”

“समजलं,” चिमी म्हणाली. तिनं कमरेला लावलेलं ध्वनियंत्र काढलं, कॉलरचा माइक काढला आणि दोन्ही त्यांच्या हातावर ठेवलं. “सांभाळा, भिजेल. दुपारचं पाणी मी मारते.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. रडूही येत होतं, पण साहेब बघत होते. त्या भिंतीला मी तोवर दुसऱ्या कुणाच्या हातचं पाणी लागू दिलेलं नव्हतं, माणसं घाईत धार सोडतात आणि चुना धुपतो. मी बादली उचलली आणि तिच्या हातात दिली.