पाळण्यातली काठी

गुडघा दुखतोय म्हणून डार्सी लक्रॉसच्या विश्वचषकाला येणार नाही, हे कळलं तेव्हा इरविन वॉटरमनच्या तोंडचं पाणी पळालं. डार्सी त्याच्या थोरल्या बहिणीचा मुलगा आणि आमच्या ओनोन्डागा वस्तीतला सगळ्यात चपळ खेळाडू. आमच्यात कूळ आईकडून येतं, म्हणून पोरगा बापापेक्षा मामाचाच जास्त. इरविनने स्वतःच्या हातांनी त्याच्या गुडघ्याला पट्टा बांधला, विस्तवावर तंबाखू सोडून त्याच्यासाठी मागणं मागितलं आणि जड मनाने संघाबरोबर निघाला.

विमानतळाजवळच्या हॉटेलात बावीस पोरं पाच दिवस अडकून पडली. यजमान देशाला हॉडेनोशोनींचा, म्हणजे आम्हा मूळनिवाशांच्या स्वतःच्या राष्ट्राचा, पासपोर्ट चालेना. अमेरिकेचा नाहीतर कॅनडाचा दाखवा आणि खुशाल या, म्हणाले. वा रे वा! जाळीच्या काठीने चेंडू झेलायचा हा लक्रॉस जगाला दिला कोणी? गोऱ्यांनी तो आमच्याकडून शिकून घेतला, त्याला नियम लावले, घड्याळ लावलं. इरविनच्या पणज्याला समुद्रापार नेलं, डोक्यात पिसं खोवून खेळवलं, टाळ्या पिटल्या. परत आल्यावर, तुम्ही पैसे घेऊन खेळता, असं म्हणत आमच्याच खेळाच्या स्पर्धेचं दार आमच्या तोंडावर लावलं. आता कुठे हा खेळ जपानपासून ऑस्ट्रेलियापर्यंत पोचला आणि त्यात आम्ही एक राष्ट्र म्हणून उभे राहिलो, तर म्हणे कागद दुसऱ्याचा आणा.

एकही पोरगा डगमगला नाही. "मामा, घरचं नाव टाकूनच खेळायचं तर परदेशात कशाला जायचं?" गोलकीपर म्हणाला आणि सगळे हसले. संघातला प्रत्येकजण इरविनला मामाच म्हणे. निम्म्यांच्या लाकडी काठ्या त्यानेच घडवल्या होत्या. सहाव्या दिवशी ते घरी परतले ते मान ताठ ठेवून.

इरविन थेट थोरल्या बहिणीकडे, लॉइसकडे गेला. डार्सी कुठे दिसेना. लॉइसने मक्याचं सूप वाढलं. टीव्हीवर सामना चालू होता. अमेरिकेचा एकोणीस नंबर डावा खांदा पाडून दोघांच्या मधून निसटला. इरविनचा चमचा थांबला. चेहरा दिसायच्या आधीच त्याने पोरगा ओळखला. तसा खांदा पाडायला त्यानेच शिकवलं होतं, अंगणात, तीन उन्हाळे.

"गुडघा बरा झालेला दिसतोय," तो म्हणाला.

"इरविन, सूप गार होतंय."

"ताई, तुला माहीत होतं?"

"हो, माहीत होतं." लॉइसने टीव्ही बंद केला. "सव्वीस वर्षांचा झालाय तो. किती वर्षं हॉटेलात बसून मान ताठ ठेवायची त्याने? तुझी ठेवून झाली, बाबांची ठेवून झाली."

"पण त्याला त्यांचा पासपोर्ट मिळाला कसा? घरी जन्मलेला पोरगा, दाखला नाही की काही नाही."

लॉइसने सुपाचा वाडगा त्याच्याकडे सरकवला. "तुझं पत्र होतं ना, दाखल्याऐवजी तेच चाललं," ती म्हणाली.

तेव्हा त्याला आठवलं. वसंतात तो वर्कशॉपमध्ये काठीची जाळी विणत बसला होता. डार्सी कागद घेऊन आला. मामा, आपल्या पासपोर्टसाठी लागतंय, माझ्या जन्माच्या वेळी हजर असलेल्या कुणीतरी लिहून द्यायचंय. इरविनने ओले हात पुसले आणि आनंदाने पानभर लिहिलं. मी ओसरीवर होतो. पोराचं पहिलं रडणं मी ऐकलं. सकाळ व्हायच्या आत वीतभर काठी करून मी त्याच्या पाळण्यात ठेवली. हा आमचा आहे. मग दोघे शहरात जाऊन सही-शिक्का करून आले आणि वाटेत पोराने त्याला गोडधोड खाऊ घातलं.

आपल्या माणसांना असला कागद लागतोच कशाला? लाँगहाउसमधल्या, आमच्या सभाघरातल्या, कुठल्याही म्हातारीला विचारलं असतं, तर डार्सी कुणाचा, हे तिने झोपेत सांगितलं असतं. एवढी साधी गोष्ट इरविनच्या ध्यानात आली नाही. पोराने मामाच्या मायेचाच गळा कापला होता, आणि तोही सुरी मामाच्याच हातात देऊन.

आठ दिवसांनी डार्सी वर्कशॉपच्या दारात उभा राहिला. पदक आणलं असेल तर ते त्याने खिशातच ठेवलं होतं. भिंतीवर डार्सीसाठी घडवलेली हिकरीच्या लाकडाची नवी काठी टांगलेली होती. वर्षभर वाळवलेली, फक्त जाळीची शेवटची ओळ बाकी.

"मामा, शिव्या दे, पण बोल."

"माझं पत्र परत दे."

"पत्र?"

"मी लिहिलेलं पान. बाकी काही नको मला."

डार्सीने मान खाली घातली. "ते त्यांच्या ऑफिसात राहतं, मामा. परत देत नाहीत."

इरविनने काठी खाली काढली आणि वादी पाण्यात भिजवून शेवटची ओळ विणायला घेतली. शेवटची गाठ मारायला त्याला तीनदा प्रयत्न करावा लागला. मग त्याने काठी पोराच्या हातात कोंबली.

"तुला द्यायची नव्हती," तो म्हणाला. "पण तू आमचा आहेस, असं मी लिहून बसलोय. आता ते मला खोडता येत नाही."