लिलीबाबांचा तिसरा दिवस

सोसायटीच्या हॉलमध्ये मुंगी शिरायलाही जागा नव्हती. गादीवर लिलीबाबा, भोवती पांढऱ्या लिलीचे गुच्छ.

"घरावरचं मरण हे फूल मांजरीवर ढकलतं! तिसऱ्या दिवशी मांजर जाणार, माणसं वाचणार!"

चार घरांत भाकीत दिवसासकट खरं ठरलं होतं. मांजर मेल्याचे पेढे मिळाल्यासारखे चेहरे पाहून दाराशी उभ्या असलेल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना किळस आली.

दुसऱ्या दिवशी शिंपीकाका बॉबिनला पिशवीत घालून दवाखान्यात आले. बायको गेल्यापासून ही मांजर मशीनशेजारीच झोपायची.

"पहाटे ओकली. बाबांनी दिलेल्या गुच्छाच्या फुलदाणीतलं पाणी पाजलं, तशी थांबली. बाबांचा गुण!"

बॉबिनच्या नाकाला केशरी पराग चिकटला होता. बाई संतापल्या. "काका, लिलीचं पान, पराग, त्या फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराला विष आहे. आधी ओकारी, मग जरा बरं वाटतं, मग मूत्रपिंडं निकामी होतात. त्याला दोन-तीन दिवस लागतात. बाबा फक्त दिवस मोजतात. हिला आत्ताच सलाइन लावायला हवं."

काका पिशवी सोडेनात. "पण हिला वाचवलं तर मरण लेकीवर येईल, असं बाबा म्हणाले. ती पोटुशी आहे, डॉक्टर."

असल्या बापाला असली भीती घालणाऱ्याच्या तोंडावर थुंकावं, असं बाईंना वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "लेकीला तिच्या डॉक्टरकडे न्या. हिला माझ्याकडे ठेवा."

काकांनी डोळे पुसत पिशवी टेबलावर ठेवली.

बाई तडक फुलवाल्याकडे गेल्या. त्याच्या प्रत्येक गुच्छाला चिठ्ठी होती: मांजरांपासून दूर ठेवा. "बाबांच्या गुच्छांवरची मात्र कात्रीने कापून देतो," तो म्हणाला. "चिठ्ठी नको, असं त्यांनीच बजावलंय."

चौथ्या दिवशी हॉल पुन्हा भरला. काका बॉबिनला कडेवर घेऊन आले. मागे लेक, ठणठणीत. बाईंनी चिठ्ठी मोठ्यांदा वाचली आणि ती कोण कापायला लावतं, तेही सांगितलं.  मग चार घरांतली एक आजी रडायला लागली. तिनेही फुलदाणीतलं पाणी स्वतःच्या हाताने पाजलं होतं.

बाबा सावरून बसले. "मरण टळलेलं नाही! ते कुणावर तरी जाणारच!"

लोक चुळबुळले. मागून कुणीतरी विचारलंही, "मग गेलं कुणावर?"

बाईंना शिसारी आली. "कुणावरही नाही! ते विष होतं, आणि यांनी ते तुमच्याच हातून पाजून घेतलं. पुढच्या वेळी कुणी दिवस सांगितला, तर हात जोडायच्या आधी विचारा, याला कसं कळलं?"

काकांनी बॉबिनला लेकीकडे दिलं, गादीजवळचा गुच्छ उचलला आणि हॉलबाहेर कचऱ्यात टाकला. मग हात साबणाने दोनदा धुतले आणि नंतरच बॉबिनला जवळ घेतलं.