पेटीतले दोन थर्मामीटर

"डावं अंग गार आहे," आत्या म्हणाली, आणि भाचीने हातातलं पेन टेबलावर आपटलं. गेल्या तीन आठवड्यांत हे वाक्य तिने किमान चाळीसदा ऐकलं होतं.

आत्या पस्तीस वर्षं नर्स म्हणून राबलेली. निवृत्त झाली, तरी दिसेल त्याचं तापमान घ्यायची खोड काही गेली नाही. भाची अंडी उबवायच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर. आठ वर्षं दुसऱ्यांच्या पेट्यांच्या बिजागऱ्या नि झाकणं आखण्यात गेल्यावर ही पहिली पेटी तिची स्वतःची होती. बंद, पंख्याशिवायची, खालून तापणारी. गरम हवा आपली आपण वर चढते, गार होऊन खाली येते आणि फिरता फिरता सगळ्या अंड्यांना सारखी ऊब देते. निदान कॉम्प्युटरवर तरी देत होती. नमुन्याची पेटी घरी आणून चाचणी घेतली, तर वीस अंड्यांतून अठरा पिल्लं निघाली. सोमवारी साचा बनवायला द्यायचा होता, आणि एकदा साचा झाला की पुढच्या दोनशे पेट्या डोळे झाकून तशाच निघणार होत्या.

"आत्या, पिल्लं खोक्यात चिवचिवतायत. आता तरी पुरे कर ना!"

"मी माझा थर्मामीटर आत ठेवून बघितलंय. डावीकडे दोन डिग्री कमी."

"तू सारखं दार उघडतेस म्हणून!"

"मग उजवीकडे कसं कमी होत नाही?"

भाची जास्तच चिडली. तिने लॅपटॉप ओढून आत्यापुढे ठेवला. "हे बघ. पेटीतली हवा. लाल म्हणजे गरम, निळी म्हणजे गार. मधून वर जाते, दोन्हीकडून खाली येते. डावं-उजवं तंतोतंत सारखं. आता बोल!"

आत्याने चष्मा पुसला, लावला, काढून परत पुसला. समोरच्याचा अंत पाहण्यात तिचा हात धरणारं घरात दुसरं कुणी नव्हतं.

"ही काडी कसली?"

"थर्मामीटरची."

"आणि ही डावीकडची?"

"तीही थर्मामीटरचीच."

"पेटीत तर एकच आहे. उजवीकडे."

भाचीने लॅपटॉप झटकन स्वतःकडे फिरवला. गणित लवकर उरकावं म्हणून तिने पेटी मधोमध कापून फक्त उजवा अर्धा भाग कॉम्प्युटरला दिला होता. डावीकडे दिसत होतं ते उजवीकडचंच चित्र, उलटं करून चिकटवलेलं. डावी बाजू तिने मोजलीच नव्हती.

स्वतःला शिव्या घालत तिने अख्खी पेटी कॉम्प्युटरला दिली. चहा दोनदा गार झाला. दुपारी पडद्यावर हवेची ती दोन शहाणी चक्रं डगमगली, एकाने दुसऱ्याला गिळलं आणि पेटीभर एकच मोठं चक्र फिरू लागलं. उजवीकडून गरम हवा वर, डावीकडे गार होऊन खाली. मधली रेघ भाचीने आखलेली, हवा तिची पत्रास कशाला ठेवेल?

"पण मग अठरा पिल्लं निघाली कशी?"

"मी रोज सकाळ-संध्याकाळ डावीकडची अंडी उजवीकडे आणि उजवीकडची डावीकडे ठेवत होते," आत्या म्हणाली. "वॉर्डात खिडकीजवळच्या गारठ्यातले पाळणे आळीपाळीने आत सरकवायचो, तसं."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"डावं अंग गार आहे, हे रोज सांगत होते की. तू म्हणायचीस, मी मोजलंय."

भाचीला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. राग कुणावर काढायचा, हे मात्र आता स्पष्ट होतं. तिने साहेबांना फोन लावला.

"साहेब, साचा थांबवा. माझी पेटी चुकलीय."

"चुकलीय? अहो, अठरा पिल्लं निघाली ना?"

"निघाली. पण दोनशे पेट्यांबरोबर दोनशे आत्या कुठून द्यायच्या?"