चिबडातली आमरी

झरी गावाच्या अलीकडे कॅनालचं पाणी कित्येक वर्षं पाझरत होतं. त्यानं चतुराबाईंचं अर्धा एकर रान चिबड करून टाकलं होतं. पीक नाही, नुसतं लव्हाळं. सेलूच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या वैदेहीला त्याच लव्हाळ्यात आमरी सापडली होती. वीतभर उंची, तपकिरी झाक असलेली अरुंद पानं, पांढऱ्या फुलांचा बारका तुरा आणि प्रत्येक फुलाला पिवळा ओठ. हे ऑर्किड आहे म्हटल्यावर मुलांचा विश्वास बसला नव्हता.

आता कॅनालला सिमेंट करायचं काम आठवड्यावर आलं होतं. पाझर थांबला की आमरी संपणार. म्हणून फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बारावीच्या प्रात्यक्षिकाआधी, ती खुरपं घेऊन एकटीच आली. फोन पिशवीत आणि पिशवी बांधावर.

चौथ्या पावलाला उजवा पाय गुडघ्यापर्यंत गेला. तो काढायला तिनं डाव्यावर भार दिला, तर डावा मांडीपर्यंत गेला. हात टेकले तर मनगटं आत. तिनं हाका मारल्या. आसपास कुणी नव्हतं.

साडेनऊला फोन वाजायला लागला. थांबला, पुन्हा वाजला. कॉलेजातूनच असणार, परीक्षा तिनंच घ्यायची होती. पिशवी चार हातांवर होती. वैदेही पुढं झुकली तशी आणखी खचली. मग ती हललीच नाही. पाय गार पडून बधिर झाले. तिला रडू आलं, आणि चिखलानं भरलेल्या हातांनी डोळेही पुसता येईनात.

आमरी आता तिच्या नाकासमोर होती. खालची फुलं सुकून बोंडं धरली होती. त्यातलं एक उकललेलं. तिनं श्वास सोडला तसं धुळीसारखं बी उडालं. या बीपाशी स्वतःची शिदोरी नसते; मातीतली ठरावीक बुरशी भेटली तरच ते रुजतं. वर्गात दरवर्षी सांगायची ती हे. तरी मुळं मोकळी करून न्यायला खुरपं घेऊन आली होती.

साडेअकराच्या सुमाराला बांधावरून आवाज आला.

"कोण हाय? बाई, काय करायलात तिथं? हालू नका!"

चतुराबाई होत्या. त्यांनी कडब्याच्या पेंढ्या आणून चिखलावर अंथरल्या, कासरा फेकला, दुसरं टोक बाभळीला बांधलं. वैदेही पोटावर सरकत बाहेर आली. चपला आतच राहिल्या.

"फुलासाठी?" सगळं ऐकून चतुराबाई म्हणाल्या. "हे पाणी बंद व्हावं म्हणून दहा वर्सं अर्ज द्यायलाव आमी. एवढंच रान हाय माझं. दुसरं न्हाई."

वैदेहीनं हातांचा चिखल गवताला पुसला. ती म्हणाली, "मातीसकट न्यावी लागतील. नुसती झाडं जगत नाहीत."

चतुराबाईंनी फावडं आणलं. घट्ट कडेनं जाऊन मातीची नऊ ढेकळं कापून दिली, प्रत्येकात दोन-तीन झाडं.

परीक्षा दुसऱ्या सरांनी घेतली होती. वैदेहीला लेखी खुलासा द्यावा लागला.

ढेकळं तिनं कॉलेजच्या पाण्याच्या टाकीखाली ठेवली, जिथं नळ सतत ठिबकायचा. चतुराबाईंच्या रानात पुढच्या हिवाळ्यात गहू उभा राहिला. टाकीखाली चारच झाडं वर आली, जानेवारीत त्यांना बोंडं धरली. त्याच आठवड्यात शिपाई योगीराज पाना घेऊन आला.

"मॅडम, नळ दुरुस्त करायला सांगितलंय."

"पंधरा दिवस थांबा. बोंडं पिकू द्या."

तो थांबला. सोळाव्या दिवशी त्यानं नळ बंद केला. तोवर बोंडं उकलली होती. वारं सुटलं आणि बी अंगणभर गेलं. अंगणात सगळीकडे फरशी होती.